सूपभर कोंड्याच्या बदल्यात

नेमणुकीचे पत्र एका पानाचे होते आणि त्यात माझ्या कामाविषयी जेमतेम दोन ओळी होत्या. न्यायसहायक प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक म्हणून माझी निवड झाली होती, भटक्या जमातींसाठी राखीव असलेल्या जागेवर. उरलेले पान अटींनी भरले होते. त्यातली सातवी अट अशी होती, की सहा महिन्यांच्या आत जात वैधता प्रमाणपत्र सादर केले नाही, तर नेमणूक आपोआप रद्द समजण्यात येईल. ‘आपोआप’ हा शब्द मला तेव्हा खटकला नाही. ठरलेले तापमान आले की यंत्र आपोआप बंद होते, अशा जगात मी सहा वर्षे शिकले होते.

ही जागा मला किती हवी होती, ते आधी सांगितले पाहिजे. बोटांच्या ठशांवर काम करायचे हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी ठरवले होते. तीन वेळा परीक्षा दिली. तिसऱ्या वेळी खुल्या गटाची यादी माझ्यापेक्षा दोन गुण वर थांबली, म्हणून मी राखीव यादीत आले. वयाची मर्यादा मी ओलांडली नव्हती, पण अशी जागा पुन्हा निघेपर्यंत ती ओलांडली जाणार हे गणित मी मांडून पाहिले होते. दुसरा दरवाजा नव्हता.

वैधतेसाठी समितीला वडिलांकडची वंशावळ लागते, शपथेवर. त्या वंशावळीतल्या निदान एका माणसाच्या जातीची ठरलेल्या तारखेआधीची सरकारी नोंद लागते. आनुवंशशास्त्रात वंशावळ काढताना पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला वर्तुळ देतात. मी सवयीने तशीच काढली. छापील नमुन्यात बायकांना जागाच नव्हती, त्यामुळे वर्तुळे खोडून टाकली. उरली उभी ओळ: पणजोबा, आजोबा, वडील आणि सगळ्यांत खाली मी.

ही ओळ कागदावर सुबक दिसत होती, पण तिच्यामागे पुरावा नव्हता. आम्ही धनगर, हे परंड्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. वडिलांचे किल्ल्याच्या वाटेवर घोंगड्यांचे दुकान आहे. मात्र वडिलांच्या शाळेच्या नोंदवहीत जातीच्या रकान्यात फक्त ‘हिंदू’ असे लिहिलेले निघाले. आजोबांनी, म्हणजे आबांनी, शाळा पाहिलीच नव्हती; ते मेंढरांमागे फिरले. जमीन घेतली ती ठरलेल्या तारखेनंतर. आमच्या वाडीच्या जन्मनोंदीत त्यांचे नाव नव्हते. भाऊकीत माझ्याआधी कुणाला हे प्रमाणपत्र लागलेच नव्हते. मी ज्या माणसाच्या मागे उभी होते, तो सरकारच्या लेखी जन्मलाच नव्हता. हे कळेपर्यंत साडेतीन महिने गेले होते.

एका दुपारी दुकानात मी कागद पसरून बसले होते. वडील घोंगड्यांच्या घड्या घालत होते. त्यांना मी आप्पा म्हणते.

“हेळव्याला बोलवू,” ते म्हणाले.

“आप्पा, समितीला हेळवी चालत नाही.”

“न चालू दे. तो काय तुज्या समितीत नोकरी मागतोय व्हय? आबा कुठं जल्मले त्येवढं तर सांगंल.”

हेळवी म्हणजे वंश सांगणारा. कर्नाटकाच्या अंगाने ही मंडळी वर्षाकाठी येतात, आपापल्या ठरलेल्या घरांच्या उंबऱ्यापुढे उभी राहतात आणि त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवतात. त्यांची वही त्यांच्याच घराण्यात राहते. ज्वारीची रास झाली की धान्य द्यायचे, ही रीत. लहानपणी मला त्यांच्या बोलण्याचे हसू यायचे. आता मात्र हाती असलेल्या सगळ्या साधनांपेक्षा हे साधन जुने होते आणि बाकीची साधने हरली होती.

तो चार दिवसांनी मोटारसायकलवर आला. वही लाल फडक्यात बांधलेली, अक्षरे कानडी. त्याने चप्पल काढली, आप्पांना ‘मालक’ म्हणून हाक दिली आणि डोळे मिटून सुरुवात केली. नावे मी इथे देत नाही; ती माझ्या एकटीची नाहीत. पण आबांच्या जागी आल्यावर त्याने लय बदलली आणि जवळपास बोलल्यासारखे सांगितले:

“पैलं लेकरू दोन म्हैन्याचं गेलं. दुसरं पाचवीच्या आत गेलं. तिसरं वाटंत गेलं. चौथा जल्मला तेरणेकाठी, मेंढरांच्या तळावर, मार्गशीर्षात. जगावा म्हनून तेल्याच्या पदरात टाकला. सूपभर कोंडा घेतला. जगला.”

मी त्याला थांबवले. “पदरात टाकला म्हणजे?”

“इकला, ताई. खोटा खोटा. सटवाईला वाटावं, ह्यांचं न्हाईच, दुसऱ्याचं हाय. मग ती ह्या घराच्या नावानं शोधत बसती अन् लेकरू तिकडं सुखात वाढतं.” आणि आप्पांकडे पाहून हसला. “नाव बी त्येच्यावरनंच पडलं न्हवं?”

आबांचे नाव कोंड्यावरूनच पडलेले आहे, हे त्या क्षणापर्यंत मला सुचले नव्हते. मी ते नाव हजार वेळा अर्जांत लिहिले होते.

आप्पांचे डोळे भरून आले होते. मी मोबाइलवर गावाचे नाव, महिना आणि त्याने सांगितलेला शक टिपत होते. गाव माकणीच्या बाजूचे, लोहारा तालुक्यातले. मला फक्त एवढेच ऐकू आले, की आता जागा आणि काळ हाती आले आहेत आणि नोंद शोधता येईल. कोंड्याचा भाग मी मोबाइलमध्ये लिहिलासुद्धा नाही.

नोंद सापडली. अर्ज, पुन्हा अर्ज, जुन्या दप्तरांच्या खोलीत तीन फेऱ्या, आणि शेवटी निजामाच्या अखेरच्या वर्षांतल्या जन्मनोंदीच्या पानाची शिक्का मारलेली नक्कल माझ्या हातात आली. मजकूर उर्दूत होता. मुदतीला एकोणीस दिवस उरले होते. धाराशिवला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी अशी पाने वाचून देतात, असे कळले. आप्पा आणि मी त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी चष्मा पुसला आणि उजवीकडून वाचायला सुरुवात केली.

“मुलगा. म्हैना जुळतो तुमचा. नाव… हां, हेच.” आप्पांनी माझा हात धरला. “वल्द.” वल्द म्हणजे बापाचे नाव. गुरुजी थांबले, मग त्यांनी एक नाव वाचले. ते माझ्या पणजोबांचे नव्हते. “कौम, म्हंजे जात, तेली.”

“परत वाचता का, गुरुजी?”

“तीनदा वाचलं, बेटी. परत वाचून अक्षर बदलनार हाय का?”

परतीच्या बसमध्ये आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “म्हंजी आबा आमचे न्हवते?”

“तुमचेच होते. विक्री खोटी होती. नोंद करायला आलेल्या माणसाला कुणी ते सांगितले नाही, इतकेच.”

“मग सांगू की आपून.”

मला परिस्थिती अगदी स्वच्छ दिसत होती आणि तेच असह्य होते. पुरावा नसणे म्हणजे शून्य. आता आमच्याकडे शून्य नव्हते, उणे होते. सगळ्या दप्तरांत मिळून माझ्या आजोबांविषयीची जुनी सरकारी नोंद एकच होती आणि ती सांगत होती, की हा मुलगा तेल्याचा आहे. तीन लेकरे गेलेल्या बाईने चौथ्यासाठी रचलेला बनाव मृत्यूला ऐकू गेला की नाही, मला ठाऊक नाही. सरकारला मात्र तो नीट ऐकू गेला आणि त्यांनी तो लिहून घेतला.

त्या छापील नमुन्यात ‘रक्तनाते’ हा शब्द चार ठिकाणी आहे. आप्पांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या रक्ताचे चार थेंब मला दिले असते, तर पुरुषाकडून पुरुषाकडे जाणाऱ्या गुणसूत्रावरून मी ते नाते आठ दिवसांत दाखवले असते. पण त्यावर जात लिहिलेली नसते. रक्ताविषयीच्या त्या संपूर्ण अर्जात रक्ताचा कुठेही उपयोग नव्हता.

एका वकिलांनी शांतपणे ऐकून घेतले. ते म्हणाले, ज्या घराचे नाव नोंदीत आहे, त्या घरातले जुने माणूस जिवंत असेल आणि ‘हा मुलगा आमचा नव्हता, रीत म्हणून घेतला होता’ असे ते शपथेवर लिहून देत असेल, तर निदान गावात चौकशी लागेल. मुदतवाढ मागायला तेवढा आधार पुरेल. खात्री नाही, पण वाट तेवढीच आहे. मी त्याच दिवशी मजकूर टंकून घेतला. नावाची जागा रिकामी ठेवली. शाईचा पॅडही घेतला, कारण त्या वयाचे माणूस सही करील याची शक्यता कमी होती.

निघायच्या सकाळी आप्पांनी फळीवरून एक घोंगडे काढले. काळेभोर, जाड, दुकानातले सगळ्यांत चांगले.

“हे घेऊन जा. मला काल याद आली. आबा दर हिवाळ्याला एक घोंगडं बाजूला काढायचे अन् माकणीकडं जायचे. कुनासाठी इचारलं की हसायचे. आमी म्हनायचो, गिऱ्हाईक असंल.”

“आप्पा, मी कामाला चालले आहे, पाहुणचाराला नाही. आणि एवढे ओझे तीन बसगाड्या बदलत कोण नेणार?”

त्यांनी ते पुन्हा घडी करून फळीवर ठेवले. माझ्याकडे असलेल्या सगळ्या कागदांपेक्षा मोठा पुरावा मी त्या सकाळी दुकानात ठेवून गेले, हे मला नंतर कळले.

धरण झाले तेव्हा ते गाव उठून वर माळावर आले. जिथे मेंढरांचा तळ पडत असे, तिथे आता पाणी आहे. तेल्याचे घर विचारत गेले, तर पत्र्याचे छत, बाजूला पिठाची गिरणी आणि अंगणात जुन्या घाण्याचा दगड. घर हलवताना एवढा दगड मात्र त्यांनी वर आणला होता. त्या दगडावर एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन उन्हाला बसली होती. ती त्या तेल्याची मुलगी. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतली आणि आता भाच्याच्या घरी राहते, हे मला गिरणीवरच्या बाईने, म्हणजे तिच्या भाचसुनेने, आधीच सांगितले होते.

मी आबांचे नाव सांगितले. म्हातारीने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता हातांकडे पाहिले.

“घोंगडं न्हाय आनलं?”

“आत्या, आल्या आल्या घोंगडं काय मागता? पानी तरी पिऊ द्या,” भाचसून म्हणाली.

“तू गप. सात हिवाळं झालं, पाय गार पडत्यात माझं.” मग मला म्हणाली, “तो गेला त्येचा निरोप बी दिला न्हाई तुमी. दोन हिवाळं वाट बगितली. तवा उमगलं.”

मी खाली बसले. “आम्हांला ठाऊकच नव्हते, आजी. त्यांनी कधी सांगितले नाही.”

“सांगायचंच नसतं त्ये.”

पण त्या दिवशी तिने सांगितले, कदाचित मी त्याच्या रक्ताची होते म्हणून. “सूप माज्या हातात व्हतं. सात वर्साची असंन मी. माज्या आईनं कोंडा वतला तुज्या पनजीच्या पदरात अन् तिनं लेकरू माज्या सुपात ठिवलं. इत्तुसं, मांजराच्या पिलावानी. ती रडली न्हाई. रडलं की सटवाईला कळतं. म्हैनाभर रोज यायची, पाजायची, अन् दाई आल्यावानी निगून जायची. मागं वळून बगायचं न्हाई. तळ हालला तवा सांबाळाया म्हनून माज्या आईनं लेकरू तिच्याकडं सोपवलं. त्येच्या आदी कोतवाल नोंद घ्याया आला, तवा माजा बाप म्हनला, आमचंच हाय, लिव्हा.”

“पण ते खरे नव्हते.”

“खरं कसं न्हवतं? कोंडा दिल्ता न्हवं.”

मी बॅगेतून कागद काढला. मला काय हवे आहे आणि का हवे आहे, ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले: नोकरी, अट, उरलेले अकरा दिवस. तिने सगळे ऐकून घेतले. मग मी मजकूर वाचायला सुरुवात केली. ‘सदर मुलगा माझ्या वडिलांचा नव्हता’ या वाक्याच्या मध्यावर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. अक्षरशः ठेवला. हाताला तेलाचा नव्हे, पिठाचा वास होता.

“त्ये तोंडातनं काडू नगस.”

“आजी, आबा वारले. आता त्यांना काय होणार आहे?”

“त्येला न्हाई. तुला व्हईल.”

“मला काही होत नाही. असे काही नसते.”

“आदुगरची तीन गेली. ह्यो जगला. त्येचं पोरगं जगलं. तू माज्याम्होरं बसलीस. आनकी काय पायजे?”

“एकावरून काही सिद्ध होत नाही, आजी.”

“एक कसं? मोज की. तुमी समदी कितीक हायसा?”

भाचसून हसली आणि लगेच गंभीर झाली. “द्या की अंगठा, आत्या. शिकल्याली पोरगी हाय. सरकारी नोकरीचा इशय हाय. कोन सटवाई बसलीय आता कागद वाचत?”

“तुज्या पोराच्या जिवावर आलं तर देशील?”

भाचसून गिरणीकडे निघून गेली. त्या घरात शहाणपणाचे बोलणारे माणूस तेवढे एकच होते आणि तेही एका प्रश्नात हरले.

नंतरचा तासभर मी जे केले, त्याचा मला अभिमान नाही. मी समजावले, पुन्हा समजावले, हात जोडले, तिच्या पायांशी बसले. लहान मुले का दगावत, तेव्हा लस नव्हती, धनुर्वात कसा होतो, नाळ कशाने कापत, सगळे सांगितले. ती ऐकत होती. कदाचित तिला ते पटतही होते. मध्येच म्हणाली, “आसंल बाई तसं बी.” पण अंगठा पुढे येईना. शेवटी माझा आवाज चढला. मी म्हणाले, “तुमच्या या अंधश्रद्धेपायी माझे आयुष्य जाते आहे!”

तिला राग आला नाही. “आविष्य जात न्हाई, बाई. नोकरी जाती. आविष्य जाताना म्या बगितलंय.”

तरीही मी माझ्या हट्टावरून हलले नव्हते. ती मला मृत्यूपासून वाचवत होती आणि मला त्याच हाताने ढकलल्यासारखे वाटत होते. दोघींनाही माझेच भले हवे होते. पण तिला मी जगायला हवी होते आणि मला मी यशस्वी व्हायला हवी होते. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मी तोवर कधी मान्य केले नव्हते. त्या अंगणातही मला ते मान्य झाले नाही.

मी उठले तेव्हा तिने माझी ओढणी धरली. “रिकामी जाऊ नगंस. दुसरं लिव्ह, त्येच्यावर देते अंगठा.”

“दुसरे काय?”

“लिव्ह. तो माजा भाऊ व्हता. ही माज्या भावाची नात हाय. हिचं भलं करा.”

मी कोऱ्या कागदावर ते लिहिले, तिच्याच शब्दांत. समितीपुढे या कागदाइतका घातक दुसरा कागद नव्हता, हे तिला सांगण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. तिने अंगठा पॅडवर दाबला आणि मी शिकवल्याशिवाय, कडेपासून कडेपर्यंत नीट फिरवून उमटवला. जन्मभर भाकरी थापून, भांडी घासून, पिठाची पोती ओढून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. कागदावर एक निळा डाग उमटला, कडेला दोन-तीन तुटक्या रेषा आणि मध्ये काहीच नाही. असे ठसे आम्हांला अभ्यासाला होते. तुलनेस अयोग्य, असा त्यांच्यापुढे शेरा मारायचा असतो.

लोहाऱ्याच्या बसस्थानकावर दुपारी मी एकटीच बाकावर बसले होते. गाडीला तास होता. बॅगेत दोन कागद होते: एक तिच्या ठशाचा, निरुपयोगी, आणि एक टंकलेला, ज्यावर ठशाची चौकट रिकामी होती. आणि पॅड होता. तिचा ठसा कुणाच्याच दप्तरात नव्हता. चौकटीत निळा डाग असला, तर तो कुणाचा हे जगात कुणी सांगू शकणार नव्हते. मी ते सगळ्या बाजूंनी तपासून पाहिले. मग पॅड उघडला आणि अंगठा शाईत बुडवला.

आधी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उमटवून पाहिला. भोवऱ्यासारखा गोल, रेषा धारदार, घामाची छिद्रेसुद्धा दिसत होती. तिशीतल्या, कष्ट न केलेल्या हाताचा ठसा. माझ्यासारखी कुणीही भिंगाखाली पाच मिनिटांत सांगेल, की हा ऐंशी ओलांडलेल्या बाईचा अंगठा नाही. म्हणून मी अंगठा सिमेंटच्या बाकावर घासू लागले. रेषा बुजाव्यात म्हणून. किती वेळ घासला, ठाऊक नाही. कातडी लाल झाली, झोंबू लागली, पुन्हा उमटवला तर रेषा तशाच, फक्त मध्ये एक ओरखडा. त्या रेषा वरच्या कातडीत नसतात. खालून पुन्हा येतात. हे मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे पूर्ण गुण मिळवले होते.

शेजारी बसलेल्या बाईला राहवले नाही. “शाई लागली व्हय? घासून न्हाई जायची, ताई. राकेल लावा.”

मी कागद घडी करून आत ठेवला. मी प्रामाणिक राहिले, असे कुणी म्हणू नये. माझा अंगठा जुना असता, तर तो त्या चौकटीत उमटला असता.

समितीपुढे मी नोंदीची नक्कल, हेळव्याच्या वहीचा उतारा आणि माझे चार पानी निवेदन दिले. तिचा कागद दिला नाही. समोरचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी निवेदन पूर्ण वाचले, एका ठिकाणी थांबून पुन्हा वाचले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही दिलेला पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो आहे, हे तुमच्या लक्षात आले आहे ना?” मी हो म्हणाले. अजून काय म्हणणार? आधार नाही म्हणून मुदतवाढही मिळाली नाही. मुदत संपली त्या दिवशी मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. कुणीही काही कळवले नाही. सातवी अट वाचून पाहिली. कळवण्याची तरतूद तिच्यात नव्हती.

मार्गशीर्षात आप्पा ते घोंगडे घेऊन तिकडे गेले. मला बोलावले होते. मी गेले नाही. तेव्हा मी पुण्यात एका खासगी प्रयोगशाळेत अकरा महिन्यांच्या करारावर पाण्याचे नमुने तपासत होते आणि आजही तेच करते. दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, “आत्याला बोलायचंय.”

“लागली का नोकरी?”

“नाही, आजी. गेली ती.”

मला वाटले, आता ती म्हणेल, चुकले बाई माझे. मी त्यासाठी थांबलेही होते, हे लपवत नाही.

“जित्ती हायस न्हवं?”

“आहे.”

“मंग झालं तर.”

आणि तिने फोन आप्पांकडे दिला. मागून ती भाचसुनेला सांगताना ऐकू आले, घोंगडं उन्हात टाक गं, नव्या लोकरीचा वास येतुया. तिच्या बाजूने निकाल लागला होता: लेकरू सुपात दिले, सूप कुणी उलटे केले नाही आणि त्या लेकराची नात या हिवाळ्यातही बोलत होती. मी पुन्हा हाक मारली, “आजी, झाले नाही.” पण फोनवर आप्पा होते. त्यांनी विचारले, “काय झालं न्हाई?”

मी म्हणाले, “काही नाही. गाडीत खिडकी लावून बसा, गार वारा लागतो.” आणि पुढचा नमुना उचलला.